खाडी कुठल्या कपाटात ठेवायची

सर,

काही महिन्यांपूर्वी मी एका सुनावणीला जाऊन आले. ग्रंथपालाचं सुनावणीत काय काम, असं तुम्ही चष्मा कपाळावर चढवून विचारलं असतंत. मला कोणी बोलावलंही नव्हतं. मी आपली मागच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होते, मांडीवर प्रिंटआउटची फाइल घेऊन, आणि पुढे माझी एक विद्यार्थिनी तिच्या वडिलांशेजारी उभी राहून बोलत होती. तिथून आल्यापासून तुमची आठवण येतेय. डोळे भरून येण्यासारखी नाही. घरातला नळ दुरुस्त होत नसला की ज्याला त्यातलं कळायचं तो माणूस आठवतो, तशी.

तुमच्या हाताखाली कल्याणच्या वाचनालयात लागले तेव्हा मला पुस्तकं आवडतात एवढंच माझं भांडवल होतं. ग्रंथपालनाच्या सर्टिफिकेट कोर्सला तुम्हीच शिकवायचात आणि तुम्हीच मला मदतनीस म्हणून घेतलंत. त्या दिवसांतली एक दुपार मला अजून लख्ख दिसते. दारात एक माणूस उभा आहे, चपला बाहेर काढून आलेला. डोंबिवलीला रंगाच्या कुठल्याशा छोट्या कारखान्यात कामाला. तो मला विचारतो, हातावर काही पुस्तक आहे का. मी तत्परतेने हस्तसामुद्रिकाची दोन पुस्तकं आणून त्याच्यापुढे ठेवते. तो ती चाळतो, मिटतो आणि निघतो. तुम्ही तुमच्या जागेवरून उठून त्याला अडवता. हात बघू, म्हणता. त्याच्या दोन्ही तळव्यांची सालं निघालेली असतात आणि बोटांच्या बेचक्यांत भेगा. तुम्ही त्याला बसवता, तीन वेगवेगळ्या कपाटांतून तीन पुस्तकं काढता, एक त्वचारोगांवरचं, एक रंगांच्या रसायनांचं आणि एक कामगार कायद्याचं, आणि त्याच्या शेजारी बसून त्याला हवं ते वाचून दाखवता. बाकीचे वाचक वर्तमानपत्रातून डोकं वर काढून बघत असतात.

तो गेल्यावर तुम्ही मला बोललात. आवाज चढवला नाहीत, पण मी घरी जाईपर्यंत माझे कान गरम होते. "तू त्याचा शब्द ऐकलास, हात नाही पाहिलास. लोक विषय घेऊन येत नाहीत, अडचण घेऊन येतात. विषय आपण पाडलेत, कपाटं लावायची सोय म्हणून." आणि मग संध्याकाळी तीच तीन पुस्तकं तुम्ही मला पुन्हा तीन कपाटांत ठेवायला लावलीत. मी म्हटलं, एकत्रच ठेवूया की, उद्या असाच कोणी आला तर? तुम्ही म्हणालात, उद्याचा पाठदुखी घेऊन येईल, किती ढीग करशील? पुस्तकाला एक पक्कं घर हवं, तरच ते सापडतं. त्यावर तुमचा उपाय होता कार्डांचा. कॅटलॉगच्या खणात तुम्ही स्वतःच्या हाताने जादा कार्डं घालायचात, 'हेही पाहा' असं लिहून. रंगांच्या पुस्तकामागे कार्ड, त्वचारोग हेही पाहा. त्वचारोगामागे कार्ड, कामगार कायदा हेही पाहा. पुस्तकं आपापल्या घरी आणि त्यांच्यामधल्या पायवाटा त्या खणात. मला तेव्हा ते फार जुन्या वळणाचं वाटायचं.

मला ठाण्याच्या कॉलेजात नोकरी लागली तेव्हा तुम्ही मला तुमचा वर्गीकरणाचा जाडजूड ग्रंथ दिलात, पुठ्ठा नव्याने बांधून घेतलेला. त्यात कुठल्या विषयाला कोणता आकडा ते छापलेलं होतं आणि समासात तुमच्या पेन्सिलीने नवे विषय घुसवलेले होते. मी कॉलेजात गेल्यावरही अधूनमधून शहाडला तुमच्या घरी यायचे. काकू पोहे करायच्या आणि तक्रार करायच्या की या माणसाने माझ्या डब्यांवरही चिठ्ठ्या चिकटवल्यात, हिंग कुठे ते मला यांना विचारावं लागतं. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसून विचारायचात, नवीन काय आलं? पुस्तक कोणतं आलं, असं नाही. विषय कोणता आला. मी सांगायचे, आणि तुम्ही मान हलवत म्हणायचात, नव्या विषयाला आधी पाहुणा म्हणून ठेवायचं, राहिला तर मग खोली बांधायची. तुम्ही गेलात तेव्हा आमच्या ग्रंथालयात नुकता एक कॉम्प्युटर आला होता. त्याला प्लास्टिकचं कव्हर घालून ठेवायचे आणि त्याच्याशेजारी उदबत्ती लावायचे. त्याच्यावर तुमचं मत काय ते विचारायचं राहून गेलं.

आता पाहुण्यांचीच गर्दी झालीय, सर. अभ्यासक्रम बदलले. विज्ञानाची मुलं इतिहास घेतात, कॉमर्सची मुलं मानसशास्त्र. एक मुलगा येऊन म्हणतो, गाणं ऐकताना मेंदूत काय होतं त्याच्यावर हवंय, पण भारतीय गाणं पाहिजे. एकीला ड्रोन आणि भातशेती हवी होती. सुरुवातीला मला मनापासून आनंद झाला. वाटलं, सरांना हेच तर हवं होतं, मुलं सरळ अडचणच घेऊन यायला लागली. पण कपाटं होती तशीच होती आणि पुस्तकांसाठीचे पैसे दरवर्षी विभागांमध्ये वाटले जायचे. जो विषय दोन विभागांच्या मध्ये पडतो, त्याच्यासाठी पुस्तक मागणार कोण? रसायनवाले म्हणायचे, हे समाजशास्त्राचं आहे. समाजशास्त्रवाले म्हणायचे, यात सगळी समीकरणं आहेत.

सुनावणीत बोलली ती मुलगी पर्यावरण, समाज आणि कायदा असा तिहेरी विषय घेऊन आलेली. डोंबिवलीच्या अलीकडे खाडीला लागून एक गाव आहे, तिथली. वडील होडी चालवतात, मासेमारी करतात, म्हणजे जेवढी उरलीय तेवढी. पहिल्याच आठवड्यात माझ्या काउंटरला टेकून म्हणाली, "मॅडम, आमच्या खाडीवरचं एक पुस्तक द्या ना." मी विचारलं, खाडीचं काय हवंय, मासे, पाणी, इतिहास? ती म्हणाली, "काय म्हणजे? खाडी हवीय." मला हसू आलं आणि मग तुमचा तो दुपारचा आवाज आठवला. तिला विचारलं, काय झालंय खाडीला? तेव्हा तिने सांगितलं. आजोबांच्या वेळी दारात मिळायचे ते मासे आता मिळत नाहीत, चिखलातून आलं की वडिलांचे पाय खाजतात, पलीकडे टॉवर उठतायत, आणि गावात जो येतो तो वेगळंच कारण सांगतो. तिला एकदा सगळं एका जागी बघायचं होतं.

तसं पुस्तक नव्हतं. मी कपाटाकपाटांतून हिंडले आणि जिथे म्हणून खाडीचा चिमूटभर उल्लेख होता ते काढलं. मिठागरांवरचं एक, कांदळवनांवरचं एक, किनाऱ्याच्या कायद्याचं, सांडपाण्याचं. आणि मग माळ्यावरून विद्यार्थ्यांचे जुने प्रकल्प काढले. हे मी वर्षानुवर्षं जपून ठेवलेले, बांधलेले, तुमच्या पद्धतीने कार्डं केलेले. रसायनशास्त्राच्या कितीतरी तुकड्यांनी खाडीचं पाणी बाटल्यांत भरून आणून तपासलं होतं. समाजशास्त्राच्या एका मुलीने काठावरची मासेमारी करणारी घरं मोजली होती, कोण कुठे होडी लावतं, कोण कुठे मासळी सुकवतं त्याच्या नकाशासकट. मराठीच्या एका मुलाने आगरी लग्नातले धवले, म्हणजे बायका म्हणतात ती गाणी, लिहून घेतली होती, त्यांत त्याच काठाची नावं होती. हे सगळे अभ्यास एकमेकांना कधी भेटलेच नव्हते. मी तुमचा नियम मोडला, सर. सगळं मधल्या लांब टेबलावर एकत्र मांडलं आणि परत ठेवलंच नाही. मुलीने पुठ्ठ्यावर 'खाडी' लिहून वर उभं करून ठेवलं. कायद्याचे एक प्राध्यापक येता-जाता तिथे थांबायला लागले आणि स्वतःच्या जवळची कात्रणं आणून ठेवायला लागले. त्या सत्रात माझ्या ग्रंथालयात जितकी बडबड झाली तितकी आधी कधी झाली नव्हती, आणि मी कोणालाही गप्प केलं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ग्रंथालयाचा हॉल अर्धा करायचं ठरलं. तिकडे डिजिटल सेंटर होणार होतं. आमचे प्राचार्य माझ्यापेक्षा लहान आहेत, स्वभावाने सज्जन. त्यांनी मला केबिनमध्ये बसवून चहा मागवला आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं टेबल मला आवडतं. पण वर्षभरात किती पुस्तकं इश्यू झाली ते मॅनेजमेंट मला विचारतं, टेबलाभोवती किती मुलं बसली ते नाही विचारत." त्यांच्याशी भांडण्यासारखं त्यात काही नव्हतं. हजारो ई-पुस्तकं आणि नियतकालिकं यांचं एक पॅकेज घेतलं गेलं. ते दाखवायला आलेला तरुण मुलगा फार उत्साही होता, म्हणाला, मॅडम, कुठलाही विषय टाका, कितीही विषय एकत्र टाका. मी देवनागरीत खाडी टाकलं. काहीच आलं नाही. इंग्रजीत क्रीक टाकलं तर परदेशातले ओढे आले, एकामागून एक. आपल्या खाडीवरचे एक-दोन लेख दिसले, पण ते उघडायला गेलं की हे तुमच्या पॅकेजमध्ये नाही असं यायचं. तो मुलगा ओशाळला. ते काही त्याने बनवलेलं नव्हतं. आणि खोटं का बोलू, ड्रोनवालीला त्यात तिचं सगळं मिळालं, मेंदूवाल्यालाही बरंच मिळालं. दूरचं सगळं जवळ आलं होतं. खिडकीतून दिसतं ते तेवढं नव्हतं.

माळा रिकामा करायचा होता. माळ्यावरचे आणि टेबलावरचे सगळे जुने प्रकल्प स्कॅन होतील, एकही पान हरवणार नाही, असं मला सांगितलं गेलं. मी लेखी दिलं की प्रत्येक फाइलला नाव, विभाग आणि विषय टाकायला हवेत, निदान माझी कार्डं तरी त्यांना जोडायला हवीत. ते टेंडरमध्ये नव्हतं. कंत्राटदाराची माणसं आली, बाइंडिंग कापून पानं सुटी करून मशीनला लावत गेली, आणि सुट्या पानांचे गठ्ठे खाली टेम्पोत जात गेले. मी जिन्यात उभी राहून बघत होते. एकदा मी विचारलं, ही पानं थोडे दिवस ठेवता येतील का. सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, आता सगळं हार्ड डिस्कमध्ये आहे, टेन्शन घेऊ नका." कार्डांचा खणही त्याच टेम्पोत गेला, कारण त्यातली कार्डं ज्यांच्याकडे बोट दाखवत होती ते आता तिथे नव्हतंच. निर्लेखनाच्या, म्हणजे जुनं नोंदीतून कमी करून काढून टाकायच्या, कागदावर समितीच्या सह्या झाल्या. ग्रंथपालाचीही लागते.

पावसाळा सरला आणि ती मुलगी एका सकाळी कॉलेज उघडायच्या आधीच दारात उभी. खाडीच्या कडेने रस्ता व्हायचा होता. ठाणे आणि डोंबिवलीमधली वाहतूक हलकी करायला म्हणून तो हवाच होता, रोज त्यात अडकणाऱ्या कोणालाही विचारा. मलाही विचाराल तर मी हो म्हणेन. पण आखणीत गावाच्या होड्या लावायची आणि मासळी सुकवायची जागा जात होती आणि कागदात तिला 'वापरात नसलेली जमीन' म्हटलं होतं. हरकती मागवल्या होत्या, पाठोपाठ सुनावणी होती. गावाकडे दाखवायला कागद नव्हता. चिखलाला सातबारा कुठला असणार? "मॅडम, ते आपल्या टेबलावरचे प्रोजेक्ट," ती म्हणाली. "नकाशावाला, गाण्यांवाला, पाण्यावाले. त्यात सगळं आहे ना, किती वर्षांपासून आम्ही तिथे आहोत ते." मी हो म्हटलं. मग तिला आत नेलं आणि कॉम्प्युटर सुरू केला.

हार्ड डिस्कमध्ये सगळं होतं, हे खरं. एका फोल्डरमध्ये शेकडो फाइली, प्रत्येकीचं नाव म्हणजे एक लांबलचक आकडा. शोधायची सोय नाही, कारण मशीनने पानांचे फोटो काढले होते, अक्षरं वाचली नव्हती. आम्ही दोघी एकेक उघडत बसलो. ती कॉलेजचे तास बुडवायची, मी जेवणाची सुट्टी तिच्याशेजारी काढायचे. बँकिंगवरचे प्रकल्प, संतसाहित्यावरचे, फुलपाखरांवरचे. कधी पान उलटं, कधी दोन पानं एकावर एक, कधी एका प्रकल्पाचं शेपूट दुसऱ्याला जोडलेलं. मधल्या शनिवारी प्राचार्य स्वतः येऊन बसले, त्यांनीही काही फाइली उघडल्या आणि मग चष्मा पुसत म्हणाले, हे असं होईल असं मला वाटलं नव्हतं. मी म्हटलं, मलाही नव्हतं वाटलं. कार्डांचा खण असता तर मी तिला पाणी पिऊन येईस्तोवर काढून दिलं असतं. हे मी तिला बोलले नाही. तिला ते माहीत होतं.

गाणी सापडली नाहीत. पाण्याचे दोन अहवाल मिळाले, त्यातले तक्ते धूसर. नकाशा सापडला. फिकट पेन्सिलीने काढलेला होता, आणि मशीनला पेन्सिल दिसली नव्हती. पांढऱ्या पानावर काठाची पुसटशी रेघ आणि कोपऱ्यात शाईने लिहिलेली दिशा, उत्तर. बाकीचं पान कोरं. ती स्क्रीनवर बोट ठेवून मला दाखवायला लागली, इथे काकांची होडी, इथे आमची, इथे आजी मासळी पसरायची. जणू ते तिथे होतंच.

सुनावणीच्या आदल्या रविवारी मी तिच्या घरी गेले. का गेले ते नीट सांगता येणार नाही, बहुतेक रिकाम्या हाताने भेटायचं होतं ते आधीच भेटून घ्यावं म्हणून. तिच्या आईने तांदळाची भाकरी आणि सुकट वाढलं. वडील शांत माणूस, पायांना कसलंसं मलम लावून ओट्यावर बसलेले. मुलीने त्यांना सांगितलं होतं की या मॅडमच्या लायब्ररीत आपल्यावर लिहिलेलं आहे. त्यांनी मला विचारलं, "आमचे गावाचा नाव पुस्तकान हाय का?" मी म्हटलं, होतं. मग म्हटलं, आहे, पण आता नीट वाचता येत नाही. मग त्यांनी मला काठ दाखवायला नेलं. होड्या होत्या, जाळी वाळत होती, दोन बायका सुकत घातलेली मासळी कावळ्यांपासून राखत बसल्या होत्या. वापरात नसलेल्या जमिनीवर मी उभी होते आणि माझ्या चपलांना खवले चिकटत होते. हे सगळं समोर दिसत असताना त्याचा पुरावा मला एका डिस्कमध्ये शोधावा लागत होता, आणि माझं सगळं शिक्षण तुमच्यापासून आजपर्यंतचं, तिथे काही म्हणता काही उपयोगाचं नव्हतं.

सुनावणीत अधिकारी सौम्यपणे बोलत होते. सगळ्यांना पाणी विचारत होते. मुलगी छान बोलली, सर. मासे, पाणी, कायदा, गावाच्या आठवणी, सगळं एका धाग्यात गुंफून, थांबत, घाबरत, पण नीट. आपण ज्याला वेगवेगळ्या कपाटांत वाटून ठेवतो ते तिच्या तोंडून एकच होऊन येत होतं. अधिकाऱ्यांनी मध्ये तोडलं नाही. तिचं संपल्यावर त्यांनी नकाशाचा प्रिंटआउट हातात घेतला, उजेडाकडे धरला, उलटून पाहिला. म्हणाले, यावर काहीच दिसत नाही, मूळ प्रत आणलीय का? मुलीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मी उभी राहिले.

"मूळ माझ्या ग्रंथालयात होतं," मी म्हटलं. "आता नाही."

"मग मी काय नोंदवू, मॅडम?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच मी सांगेन ते लिहायचं होतं. मी म्हटलं की मी तो नकाशा पाहिलाय, अनेकदा हाताळलाय, त्यात या सगळ्या जागा नावानिशी होत्या. त्यांनी ते लिहून घेतलं आणि म्हणाले, हे तोंडी झालं. पुढच्या गावाची पाळी आली. बाहेर पायऱ्यांवर मुलीचे वडील माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "तुमी आल्या, बरा वाटला." मी त्यांच्याकडे बघू शकले नाही, त्यांच्या पायांकडे बघत राहिले.

निकाल आला. हरकतीला पुरेसा आधार नाही, असं त्यात होतं. आता काठावर भराव पडतोय. डंपर येतात, माती टाकतात, जातात. होड्या थोड्या पलीकडे सरकवल्यात, तिथे चिखल जास्त आहे. मी कोपरीतल्या माझ्या घरून कॉलेजला जाते, रिटायर व्हायला फार दिवस उरलेले नाहीत, आणि रोज डिजिटल सेंटरमधल्या त्या फाइलींपैकी काहींना नावं देत बसते. कोणी सांगितलेलं नाही. एक विषय लिहायचा रकाना आहे, एकच. त्यातही ठरलेल्या यादीतला निवडावा लागतो. बसत नसेल तर शेवटी 'इतर' आहे. माझ्या हाताखालची नवी मुलगी म्हणते, मॅडम, पुढे मशीनच सगळं वाचून शोधून देईल, तुम्ही कशाला डोळे फोडताय. देईलही. पण पेन्सिलीचं काय करणार, असं मी म्हटलं, आणि ती हसली, कारण तिला वाटलं मी गंमत करतेय.

मागच्या आठवड्यात ती विद्यार्थिनी तिचा स्वतःचा प्रकल्प घेऊन आली. तिने गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून तो नकाशा नव्याने काढलाय, शाईने. आज्यांकडून गाणी पुन्हा लिहून घेतलीत, जेवढी आठवली तेवढी. पाणी तपासलं. कायद्याचा भाग तर त्या प्राध्यापकांनाही आवडला. जाड काळ्या पुठ्ठ्यात बांधून आणलाय, सोनेरी अक्षरांत नाव टाकून. आमच्याकडे आता छापील प्रकल्प दाखल करून घेत नाहीत, फक्त फाइल चढवायची असते, हे तिला माहीत होतं. फाइल तिने चढवलीच होती, 'इतर'मध्ये. तरी काउंटरवर तो ठेवून ती म्हणाली, "मॅडम, हा स्कॅनला नाही देणार ना? कुठेतरी कपाटात ठेवा. कोणी मागितला तर मिळायला हवा." मी म्हटलं, ठेवते. तिने कुठे असं विचारलं नाही. तिचा माझ्यावर विश्वास आहे, आणि त्याला तडा जाईल असं एवढं सगळं होऊनही तो कसा राहिला ते मला कळत नाही.

हॉलमधली उरलेली कपाटं भरलेली आहेत आणि त्यांतली निम्मी पुढच्या सुट्टीत जाणार आहेत. दाखल करता येत नाही ते पुस्तक कपाटात ठेवलं तर पुढची तपासणी त्याला रद्दीत काढते. मी रसायनच्या कपाटासमोर उभी राहिले, मग कायद्याच्या, मग मराठीच्या. मग तिचा प्रकल्प पिशवीत घालून घरी आणला. तो आता माझ्या बेडरूमच्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली, आणि काल ती भेटली तेव्हा मी तिला सांगितलं की ग्रंथालयात अगदी व्यवस्थित लावलाय. हे पत्र खरं तर तिला लिहायला हवं होतं. तुम्हाला लिहिलं, कारण मग आता तो कुठे ठेवायचा, असं तुम्ही विचारणार नाही.